आयताराचं भात

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पाऊस एकदाचा थांबला. नऊ दिवस तो लागून राहिला होता. ऑक्टोबर अर्धा सरला तरी जायचं नाव घेत नव्हता. प्लासिद फर्नांडिस पडवीत उकिडवा बसून दगडावर विळ्याला धार काढत होता. विळ्याला धार होतीच. बसल्या जागी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून तो काढत होता.

समोर उतारावर त्याचे भाताचे पाच कुणगे, लहान लहान खाचरं. चार खाली वहाळाच्या काठाला आणि एक वर, काजूंच्या बाजूला. भात पिकून आठवडा उलटला होता. लोंब्या जड होऊन वाकल्या होत्या आणि खालच्या कुणग्यांत घोट्याएवढं पाणी होतं. आणखी दोन दिवस असेच गेले तर भात आडवं पडणार आणि आडव्या भाताला पाण्यातच कोंब फुटणार, हे वाडीतल्या पोराटोरांनाही कळत होतं. वर्षाचं जेवण त्यात होतं. प्लासिद आणि रोझा या दोघांचं, बांद्याला दिलेल्या क्रिस्टीनाला धाडायचं, आणि बोटीवर कामाला असलेला मुलगा प्रिन्स सुटीवर आला की त्याला घरच्याच उकड्या तांदळाची पेज लागायची, ती.

मेरेवरून, शेताच्या बांधावरून, गणपत परब आला. दोन्ही घरांची शेतं लागून, आणि कापणी आज तुमच्यात, उद्या आमच्यात, अशी बापजाद्यांपासून चालत आलेली. पायांचा चिखल पायरीला पुसत तो म्हणाला, "रे प्लासिद, निलेशान मोबाईलात बघल्यान. फाल्या दिवसभर ऊन. सोमवारपासून परत तोच गोंधळ, पाच दिवस."

"फाल्या आयतार."

"आयतार आसा तां माकाय म्हायत आसा. पावसाक म्हायत आसा काय?" गणपत हसला. "आमी घरची चार माणसां आसोव, तुमी दोघां. तुमी मीस करून येवा. अकरापर्यंत तुझे दोन कुणगे घेतव, मगे माझां. सांज करून उरला तां परत तुझां."

आतून रोझा बाहेर आली. हात भाकरीच्या पिठाचे. "येतो आमी," ती म्हणाली. "मिसातसून थेट शेतातच येतो."

प्लासिदने विळा दगडावरून उचलला आणि भिंतीच्या खुंटीला अडकवला. "माझ्या कुणग्यात आयताराक इळो चलाचो नाय," तो म्हणाला.

गणपतला वाटलं, हा मस्करी करतो आहे. मग त्याने प्लासिदचं तोंड बघितलं. "बघ बाबा," एवढंच म्हणून तो आल्या वाटेने गेला.

रोझाने रात्रीच्या जेवणापर्यंत तोंड उघडलं नाही. तेर्स, म्हणजे रात्रीची जपमाळ, म्हणताना मात्र तिने प्रत्येक नमो मारियेला असा काही आवाज चढवला की कुत्रा उठून अंगणात गेला.

हा हट्ट कुठून आला होता ते प्लासिदलाच ठाऊक होतं. तीन वर्षांमागे लावणीच्या दिवसांत, एका आयतारी, मीस, इगर्जीतली प्रार्थना, चुकवून तो तरवा लावत होता. मजूर त्याच दिवशी मिळाले होते. दुपारी घरी आला तर रोझा मोरीजवळ पडलेली, लुगडं रक्ताने भिजलेलं. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं. पोटातून नारळाएवढी गाठ काढली. डॉक्टर म्हणाला, आता काही सांगता येत नाही, बघू. त्या लांबलचक पॅसेजमध्ये बाकावर बसून, चिखलाच्याच पायांनी, प्लासिदने आंगवण केली. गणपतसारखी माणसं याला नवस म्हणतात. ही जगली तर जन्मभर आयतारी विळ्या-कुदळीला हात लावणार नाही आणि माझ्या जमिनीत कुणाला लावू देणार नाही. रोझा जगली. दर सहा महिन्यांनी तपासायला जात होते, आणि दर वेळी कागद चांगलाच येत होता. पुढची तारीख येत्या बुधवारच्या पुढल्या बुधवारची होती.

आंगवण त्याने कुणाला सांगितली नव्हती. रोझालाही नाही. त्याची आई म्हणायची, सांगितलेली आंगवण फुटक्या घागरीसारखी, पाणी राहत नाही तिच्यात. तीन वर्षं आयतारी तो नारळ सोलायलासुद्धा बसला नव्हता, आणि रोझाला वाटायचं, म्हातारपणी नवरा आळशी झाला.

*

आयतारी उजाडलं ते असं लख्ख, की इगर्जीत येताना लोकांनी डोळ्यांवर हात धरले होते. मिसाच्या शेवटी फादर वेदीपुढे आले. वसईकडचा तरुण माणूस, दोन वर्षांमागे इथे आलेला, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. "ज्यांचं भात अजून उभं आहे त्यांनी इथून सरळ शेतात जावं," ते म्हणाले. "आज काम केलं तर पाप लागणार नाही. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर तुमच्यापैकी कोण दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसेल, असं प्रभूनेच लोकांना विचारलं होतं. तेव्हा जा, कापा, आणि देवाचे आभार माना."

लोक खुशीत हसले. रोझाने नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. तिच्या तोंडावर कालचा राग राहिलाच नव्हता.

प्लासिदने मान खाली घातली. फादरनी सोडवलं ते इगर्जीच्या नेमापासून. तो नेम सगळ्यांचा होता. पण बाकावर बसून दिलेला शब्द त्याचा एकट्याचा होता, आणि बदल्यात मिळालेलं माणूस शेजारी उभं राहून कोपर मारत होतं. शब्द परत घेणार कसा? फादरना विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. पुढे हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

घरी आल्या आल्या रोझाने चांगली साडी सोडून जुनी नेसली, डोक्याला टॉवेल बांधला. प्लासिद आरामखुर्चीत बसून राहिला.

"ऊठ मरे," ती म्हणाली. "गणपताचा अर्धा काम झाला असतला."

"मी येवचंय नाय."

"आता तुझो फादरच सांगता नि!"

"फादर सांगांदे."

"तू फादरापेक्षा मोठो झालस?" ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "कारण सांग. एक कारण सांग, मी गप बसतंय."

प्लासिदने तोंड उघडलं. आईची घागर त्याला डोळ्यांपुढे दिसली. "माका जमाचा नाय," तो म्हणाला.

"मगे बस थंयच," रोझा म्हणाली. तिने खुंटीवरचा विळा काढला. काल त्यानेच धार लावलेला.

तिने पाचांतला सगळ्यात खालचा, वहाळाला लागलेला कुणगा धरला. बाई हुशार होती. पाणी आधी तिथेच चढणार होतं. चिखलात पाय रोवून तिने पहिली मूठ कापली तेव्हा प्लासिद मागोमाग मेरेवर पोचला होता.

"रोझा, इळो ठेव."

ती कापत राहिली.

"ठेव म्हणतंय नि!"

"हात लाव माका, बघूया," ती मान वर न करता म्हणाली.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, पोटावर बेंबीपासून खाली वीतभर लांब व्रण. डॉक्टरने सांगितलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. विळा हिसकावून घ्यायचा तर विळ्याला हात लागतो. तिला खेचून बाहेर काढायची तर आजूबाजूच्या सात शेतांतली माणसं बघत होती. प्लासिद मेरेवर उभा राहिला, मग बसला, मग परत उभा राहिला.

ऊन चांगलंच तापलं होतं. ओल्या भाताचा आंबूस वास सुटला होता. आभाळातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो, असं पवित्र शास्त्रात लिहिलेलं प्लासिद दर पावसाळ्यात रोझाला वाचून दाखवायचा. आज ती पाखरं त्याच्याच बाकीच्या चार कुणग्यांत उतरून मनसोक्त जेवत होती. त्याने हुसकलं की उठायची आणि पलीकडे जाऊन बसायची.

रोझाने पेंढ्या बांधल्या. भारा झाला. तो डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पलीकडे हाक मारली, "गो तुळसा, जरा हात दी गो!"

गणपतची बायको तुळसा पाणी तुडवत आली. भारा उचलून देता देता मेरेकडे बघून तिने हळूच विचारलं, "भाऊंका बरां नाय काय?"

"प्लासिदाक? तेका काय्येक झाला नाय. देवान तेका सुटी दिल्यान."

रोझा नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायची, आणि तुळसाला तीस वर्षांत त्याची सवय झाली नव्हती. ती पदर तोंडाला लावून हसली. ते हसणं प्लासिदला मेरेवर ऐकू आलं. साठ वर्षांचा धडधाकट माणूस उन्हात टोपी घालून उभा आणि बायको डोक्यावर भारा घेऊन त्याच्या अंगावरून जाते, हे बघून कुणीही हसलं असतं. त्याला भारा घ्यायचा होता. त्याचे हात अक्षरशः पुढे झाले होते. पण भारा वाहणं हे कापणीतच आलं की नाही, हे ठरवेपर्यंत ती पुढे निघून गेली.

पाणी आणणं मात्र कामात येत नाही, असं त्याने ठरवलं. विहिरीचं थंडगार पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आला. रोझाने उभ्या उभ्या तांब्या तोंडाला लावला, गूळ खाल्ला, तांब्या परत दिला. तोंड लालबुंद झालं होतं. मग परत वाकण्याआधी तिचा डावा हात क्षणभर ओटीपोटावर गेला. प्लासिदने ते बघितलं.

"दुखता?"

"तुका काय करूचा आसा?"

पाच वाजता तिचा एक कुणगा झाला. त्याच वेळी गणपत, तुळसा, त्यांचा मुलगा निलेश आणि त्याची बायको संचिता, चौघं आपलं आटपून मेरेवरून आली. अंगभर चिखल, हातांत विळे.

"प्लासिद," गणपत म्हणाला, "अजून तासभर उजेड आसा. तू हात लाव नको. खंयचो नेम आसा तो तुझ्याकडे ऱ्हवांदे. आमचे देव वायले, आमका काय लागाचा नाय. तू नुसता हूं म्हण, एक कुणगो तरी घेतव."

चौघं त्याच्याकडे बघत होती. रोझाही बघत होती, पहिल्यांदाच, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. दिवसभर राबलेली चार माणसं लोकाच्या भातासाठी आणखी तासभर वाकायला तयार होती. फक्त हूं म्हणायचं होतं.

कुणाला लावू देणार नाही. तेही शब्दातलंच होतं.

"नको रे गणपत," प्लासिद म्हणाला.

गणपतने विळा कमरेला खोवला आणि चौघं घरी गेली.

*

सोमवारी पहाटे पाऊस आला तो वारा घेऊनच. सकाळी उठून बघतात तर खालचे तिन्ही कुणगे आडवे. कुणी मोठं जनावर रात्रभर लोळून गेल्यासारखे. वहाळाचं पाणी मेर ओलांडून आत शिरलं होतं.

सोमवार आयतार नव्हता. प्लासिद इरलं घेऊन उतरला आणि गुडघाभर पाण्यात हात घालून, न दिसणारं भात चाचपत कापू लागला. मुठीत भातापेक्षा चिखल जास्त यायचा. पेंढी उचलली की दाणे पाण्यात गळायचे. दुपारपर्यंत त्याने जेवढं कापलं तेवढं ठेवायला कोरडी जागा नव्हती. पडवीत रोझाच्या आयताराच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्याने आपल्या वेगळ्या, गोठ्याच्या कडेला टाकल्या. मंगळवारीही तेच. बुधवारी बोटं पाण्याने पांढरी पडून सालं निघाली, आणि गुरुवारी त्याने एक लोंबी उचलून डोळ्यांजवळ धरली तर प्रत्येक दाण्यातून हिरवा कोंब बाहेर आला होता. छान, निरोगी, टवटवीत कोंब. त्याने तो रोझाला दाखवायला आणला आणि मग दाखवला नाही.

रोझाने आयताराचं भात झोडून काढलं होतं. जेमतेम दोन पोती. वाळवायला जागा नाही म्हणून तिने ते बाहेरच्या खोलीत जमिनीवर पसरलं आणि वर पंखा लावला. वीज गेली की वारा बंद. त्याच खोलीत आल्तार होता. क्रूस, सायबीण मारियेची मूर्ती, आणि सप्टेंबरात कणसांच्या सणाला फादरनी आशीर्वाद दिलेली याच शेतातली पहिली पाच कणसं, लाल दोऱ्याने बांधलेली. तेर्सला गुडघे टेकायचे तर भात बाजूला सारावं लागत होतं. रोझा हाताने जागा करायची आणि टेकायची. प्लासिद दारातच टेकायचा. आयताराच्या त्या दाण्यांना त्याचा पाय लागत नव्हता, तसा हातही लागत नव्हता.

रोझा आता भांडत नव्हती. घरात फिरताना मध्येच थांबायची, दाराची चौकट धरायची आणि परत चालू लागायची. शुक्रवारी तिने चुलीवरचा पेजेचा टोप उतरवायला त्याला हाक मारली. पस्तीस वर्षांत कधी मारली नव्हती. प्लासिदला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी तो छत्री घेऊन इगर्जीला गेला. फादर व्हरांड्यात बसून कुणाच्या तरी लग्नाचे कागद बघत होते. प्लासिदने चप्पल पायरीवर काढली, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मोरी, रक्त, बाक, शब्द, आयतार.

फादरनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे तू मागच्या रविवारी का नाही सांगितलंस? मिसानंतर मी दारातच उभा होतो."

"सांगून काय होणार होता, फादर? शब्द देवाला दिलेला."

"अरे बाबा, माणसाला झेपत नाही ती आंगवण सोडवता येते. बदलून देता येते. चर्चने आम्हाला तो अधिकार दिलेला आहे. विळ्याला हात न लावण्याऐवजी दर रविवारी एका गरिबाला जेवायला घाल, इतकं मी सांगितलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं."

पाच मिनिटं. तीन कुणगे पाण्यात होते.

"मी आत्ता सोडवतो तुला," फादर म्हणाले. त्यांनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली. मग जरा घुटमळून विचारलं, "प्लासिद, तुझा देवावर भरवसा आहे, की तुला त्याची भीती वाटते?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "म्हायत नाय, फादर," तो म्हणाला. "तिचा दुखणा परत येता नये, एवढाच आसा."

फादर पावसाकडे बघत राहिले. "घरी जाऊन रोझाबाईंना सांग," शेवटी म्हणाले.

त्याने त्याच दुपारी सांगितलं. रोझा जमिनीवर बसून भात हाताने खालीवर करत होती. तो दारात उभा राहिला आणि दारातूनच बोलला. तिचा हात हळू होत होत थांबला.

"तीन वर्सां?"

"तीन वर्सां."

"आणि त्या आयताराक मी कारण विचारलंय, तेवाय सांगूक नाय."

"सांगली की जाता, म्हणी आय."

"तुझी आय मरान वीस वर्सां झाली, प्लासिद. मी जिती आसंय. हंय समोर बसलंय." तिचा आवाज फुटला. "माझ्या जिवाचा बोलणा केलस, आणि माका विचारूक नाय. तू सांगतस तर मी इळो धरूक नसतो रे. भात गेला असता, जावंदे. मी धरूक नसतो."

प्लासिदला रडू आलं. त्याने ते पुसलं नाही. रोझाने पसरलेल्या भाताकडे बघितलं, मग हात उचलून मांडीवर ठेवला, जणू दाणे गरम होते.

"सोमवारपासून हंय दुखता," ती म्हणाली आणि ओटीपोटाच्या डाव्या बाजूला बोट लावलं.

"भारे उचललंस म्हणान असतला."

"असतला."

"बुधवारी डॉक्टर बघतलो."

"बघतलो," रोझा म्हणाली. डोक्यावर पंखा फिरत होता.

*

दुसऱ्या दिवशी, आयतारी, परत ऊन पडलं. तसंच, मागच्या आयतारासारखं, लख्ख.

वरचा कुणगा, काजूंकडचा, अजून उभा होता. तिथे पाणी साचत नव्हतं आणि काजूंनी वारा अडवला होता. लोंब्या काळवंडल्या होत्या, पण प्लासिदने दोन दाणे दातांखाली धरून बघितले, आत तांदूळ होता. आज कापलं तर अर्धं तरी हाती लागलं असतं. दीड-दोन पोती. घरातल्या दोन पोत्यांत ती मिळाली की पावसाळ्यापर्यंत पेज निघत होती. क्रिस्टीनाला नाही, प्रिन्सला नाही, पण दोघांची निघत होती.

मीस करून आल्यावर त्याने वाडीतल्या आंधळ्या सावित्रीला जेवण नेऊन दिलं, फादरनी सांगितल्याप्रमाणे. मग खुंटीवरचा विळा काढला. रोझा आत पडून होती. तिला पडून राहा एवढंच सांगून तो निघाला.

तीन वर्षांनी आयतारी विळा हातात होता. मूठ गुळगुळीत, ओळखीची. फादरनी सोडवलं होतं, स्वतः डोक्यावर हात ठेवून. चारी बाजूंनी लोक कापत होते, झोडत होते, हाका मारत होते. कुणग्यात उतरून प्लासिदने क्रुसाची खूण केली, वाकला आणि डाव्या हाताने पहिली मूठ धरली.

"प्लासिद."

त्याने वळून बघितलं. रोझा मेरेवर उभी होती. घरच्या चपलांत, केस न विंचरता, चढ चढून धापा टाकत. एक हात काजूच्या खोडावर आणि दुसरा पोटावर.

"कित्याक इलस तू? पडान ऱ्हव म्हटलंय नि?"

"ऱ्हवांदे तां," ती म्हणाली.

"काय?"

"कापू नको."

प्लासिद मूठ धरूनच उभा राहिला. "गो, फादरान सोडवल्यान माका. आता काय लागाचा नाय."

"म्हायत आसा."

"भात बरां आसा ह्यां. अर्धा तरी गावतला."

"म्हायत आसा म्हटलंय नि!" ती ओरडली. मग एकदम खाली बसली, मेरेवरच, ओल्या गवतात. एका आयतारामागे नवऱ्याला आळशी समजणारी, फादरपेक्षा मोठा झालास काय म्हणून विचारणारी हीच बाई होती. "बुधवार होवंदे," ती हळू म्हणाली. "डॉक्टर काय सांगता तां आयकूया. मगे काप. नायतर फाल्या काप, परवा काप. आज नको. आयतार आसा."

तिला समजवायला हवं होतं. दुखणं वाकल्यामुळे आहे, भारे उचलल्यामुळे आहे, देव असा बायकांच्या पोटावर डूख धरून बसत नाही, हे सगळं सांगायला हवं होतं. प्लासिदला त्यातला एकही शब्द खात्रीने सांगता आला नाही. गेली तीन वर्षं ही भीती त्याने एकट्याने सांभाळली होती. काल ती तिला दिली, आणि त्याचं स्वतःचं ओझं काही कमी झालं नव्हतं.

त्याने मूठ सोडली. भाताच्या काड्या हळूहळू परत सरळ झाल्या. तो मेरेवर चढला, विळा गवतात ठेवला आणि रोझाच्या बाजूला बसला. तिने त्याचा हात धरला आणि आपल्या पोटावर, दुखत होतं तिथे, ठेवला.

खालच्या खळ्यातून निलेशने दोघांना बसलेलं बघितलं. हातातला मोबाईल उंच धरून तो ओरडला, "प्लासिदकाका, बसलास काय? सांजेपर्यंतच ऊन आसा, रातीक परत लागतलो!"

प्लासिदने ऐकलं असं दाखवायला हात वर केला. रोझाने तोंडातल्या तोंडात नमो मारिये सुरू केलं होतं. त्याने पुढचे शब्द धरले. समोर भात उभं होतं आणि त्याच्यावर कडक ऊन पडलं होतं, आणि दोघं तिथे संध्याकाळपर्यंत बसून राहिली.